हिरव्या झाकणाची नळी

बाळा, आधी एक खोली डोळ्यांसमोर आण. डोळे मिटायचे असतील तर मीट, उघडे ठेवायचे असतील तर उघडे ठेव. फक्त मिटलेत की उघडे आहेत हे तुझं तुला ठाऊक असू दे. खोली लांबट आहे. एका भिंतीशी तीन उंच फ्रीजर उभे आहेत, इतके थंड की त्यातलं काही काढायचं तर हातात कोपरापर्यंतचे जाड निळे मोजे घालावे लागतात. समोरच्या भिंतीशी कपाटाएवढं एक यंत्र आहे. ते दिवसभर घुं घुं करत असतं आणि रक्त तपासतं. आता तुझा उजवा हात बघ. तू म्हणालास किंवा म्हणालीस, बोट हलव, की बोट हलतं. हा निरोप मेंदूपासून बोटापर्यंत नेणारे बारीक दोरे अंगात असतात, त्यांना मज्जातंतू म्हणतात. काही आजारांत हे दोरे झिजतात, आणि झिजताना त्यांचा भुगा पडतो, सुताराने रंधा मारला की लाकडाचा पडतो तसा. हा भुगा रक्तात उतरतो. तो इतका बारीक की इतकी वर्षं कुणाला दिसतच नव्हता. आता या यंत्राला दिसतो, आणि आजार उठायच्या दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं आधी दिसतो. म्हणजे काय झालं ते सावकाश समजून घे. पूर्वी माणसाच्या हातातून कप पडायचा आणि मग कळायचं. आता कप हातात घट्ट धरलेला असतो, चहा गरम असतो, माणूस कुणाशी तरी हसत बोलत असतो, आणि कळतं.

त्या यंत्रासमोर जो स्टुलावर बसला होता त्याला प्रयोगशाळेत सगळे मास्तर म्हणायचे. तो काही शाळेत शिकवत नव्हता. पण नवीन येणाऱ्या मुलामुलींना नळी कशी धरायची, झाकण कसं लावायचं, वहीत कसं लिहायचं हे त्यानेच शिकवलेलं असायचं, म्हणून मास्तर. चाळिशी उलटलेली, केस कानांशी पांढरे, आणि कोटाच्या खिशाला चार पेनं: निळं, काळं, लाल, हिरवं. सकाळचे अकरा वाजले होते. पडद्यावर आकडे उतरत होते. रुग्णांच्या रांगा आधी उतरल्या, त्यातले आकडे मोठेच असायचे, ते तो सवयीने बघत होता. मग निरोगी माणसांची रांग उतरली. आजारी रक्त ओळखायचं तर शेजारी निरोगी रक्त लागतं, आणि ते आणायचं कुठून? या प्रयोगशाळेची रीत अशी, की ते इथल्याच लोकांनी द्यायचं, आणि आपापल्या घरच्यांचं आणायचं. इथे शोधत होते तो आजार मोठ्यांत सावकाश येतो आणि मुलांत क्वचित, पण आला तर धावत येतो. म्हणून मुलांचंही रक्त हवं होतं. दिलेल्या नळीवर नाव नसायचं, नुसता नंबर. नंबर आणि नाव यांची यादी बंद पाकिटात, पाकीट मोठ्या मॅडमच्या लोखंडी कपाटात. याला तिथे रक्त आंधळं करणं म्हणत. चाचणी अजून स्वतःच परीक्षेला बसली आहे, पास व्हायची आहे, तोवर तिचा निकाल कुणाला सांगायचा नाही, असं सगळ्यांनी सही करून मान्य केलेलं. मास्तर हे नव्या मुलांना दर वर्षी सांगायचा. वर म्हणायचा, एखादी नळी ओळखीची वाटली ना, तर समजायचं, तुमचं काम बिघडलं.

निरोगी रांगेत अकरा, चौदा, नऊ, बारा असे आकडे उतरले आणि मग एकशे त्रेचाळीस उतरला. पुढे पुन्हा दहा, तेरा. असं कधीतरी होतं. यंत्र उचकी देतं, थेंब कमी पडतो. त्याने नंबर बघितला, चारशे सतरा, आणि शिस्तीप्रमाणे त्या नंबरची दुसरी कुपी काढायला निळे मोजे घालून फ्रीजर उघडला. थंड वाफ पायांवर उतरली. खोका काढला, चिमट्याने कुपी उचलली. झाकणावर हिरव्या शाईचं टिंब होतं. ते टिंब त्याने स्वतः, याच खिशातल्या याच पेनाने दिलेलं होतं. पाच महिन्यांपूर्वी. आणि हिरवं टिंब त्या पूर्ण फ्रीजरमध्ये एकाच कुपीवर होतं.

त्या सकाळी रक्त काढायच्या खोलीत सिस्टर म्हणाल्या होत्या, "मास्तर, जांभळ्या झाकणाची नळी एकच उरलीय बघा. दुसरी खालून मागवते, अर्धा तास लागेल." त्याच्या मांडीला चिकटून त्याची मुलगी उभी होती. नऊ वर्षांची, वर्गात सगळ्यात बुटकी, आणि स्वतःपेक्षा मोठं दप्तर ओढत चालायची म्हणून घरात तिचं नाव मुंगी. तिचा खालचा ओठ हळूहळू पुढे यायला लागला होता. "अर्धा तास थांबलो तर ही पळून जाईल सिस्टर," तो म्हणाला. "हिरव्या आहेत ना? घ्या एक हिरवी." सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या यंत्राला चालेल?" आणि तो, ज्याने पन्नास मुलांना शिकवलं होतं की जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून एक औषध असतं, हिरव्या नळीत दुसरंच असतं, आणि आपलं यंत्र जांभळ्याला सरावलेलं आहे, तो म्हणाला, "चालतं हो. एका नळीने काय जग बुडतंय." मग सिस्टरनी नुसते नंबर चिकटवलेल्या दोघांच्या नळ्या घेऊन वर आला, फिरकी यंत्रात फिरवल्या, वरचं पिवळसर पाणी कुप्यांत भरलं, आणि मनाला थोडं टोचलं म्हणून हिरव्या नळीतल्या एका कुपीवर हिरवं टिंब दिलं. वहीत काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ती कुपी त्याच दिवशी बाद झाली असती आणि मुंगीला एवढं समजावून नेलेलं फुकट गेलं असतं.

म्हणजे चारशे सतरा कुठल्यातरी परक्याचा नव्हता. त्याचा होता, नाहीतर मुंगीचा. दोघांतला एक जांभळ्यात होता आणि तो बारा-तेरा असा कुठेतरी निवांत बसला होता. दुसरा हिरव्यात होता, आणि हिरवा एकशे त्रेचाळीस होता. चिमटा हातात तसाच होता. आणि मग, विचार म्हणावा इतकाही वेळ न घेता, त्याच्या आत कुणीतरी म्हणालं, हिरवी माझी नसू दे.

एवढंच. माझी नसू दे. मग कुणाची असू दे, हे त्या आतल्याने सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, दोनातून एक वजा करायला कितीसं डोकं लागतं. त्याने लगेच दुरुस्ती केली. माझी असू दे, माझीच असू दे, असं चार-पाच वेळा मनाशी म्हणाला, ओठही हलले असतील, कारण शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "मास्तर, काही म्हणालात?" तो म्हणाला, "नाही गं, नंबर वाचतोय." पण प्रयोगशाळेच्या वहीत चूक झाली तर ती खोडायची नसते. खाडाखोड केली तर वही बाद. चुकलेल्या शब्दावर एकच सरळ रेघ मारायची, अशी, की खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बरोबर ते शेजारी लिहायचं. हेही त्यानेच सगळ्यांना शिकवलेलं. त्याने रेघ मारली होती, बरोबर ते शेजारी लिहिलं होतं, आणि खालचं स्वच्छ वाचता येत होतं.

कुपी जागेवर ठेवून तो पुन्हा स्टुलावर बसला आणि ती सकाळ आठवायला लागला. आधी कोण बसलं होतं खुर्चीत? एकच जांभळी होती, तर जो आधी बसला त्याला ती मिळाली असणार. आधी तोच बसला होता. हो, कारण मुंगी घाबरली होती आणि तो म्हणाला होता, बघ मी घेतो आधी, काही नाही होत, मुंगी चावल्यासारखं वाटतं. त्यावर मुंगी रडता रडता म्हणाली होती, मी नाही चावत कुणाला. सिस्टर हसल्या होत्या. हे पक्कं आठवत होतं. म्हणजे जांभळी त्याची, हिरवी मुंगीची. पण थांब, बाही वर केल्याचं आठवतं का? नाही आठवत. आठवतं ते असं, की मुंगी त्याच्या मांडीवर आहे, तिचं डोकं त्याने छातीशी दाबून धरलंय, तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास आहे, आणि तो म्हणतोय, डोळे मीट, मी सांगेपर्यंत उघडू नको. सिस्टर म्हणतायत, शीर सापडलीय तोवर घेऊ दे मला. म्हणजे आधी मुंगी. मग जांभळी तिची. त्याला हलकं वाटलं आणि त्याच क्षणी आपल्याच हाताच्या बोटांकडे लक्ष गेलं. दोन्ही बाजूंना दार होतं आणि दोन्ही दारांमागे तोच आकडा. मुंगीच्या हातात सुई गेली तेव्हा नळीचं झाकण कुठल्या रंगाचं होतं? या प्रश्नाशी तो परत परत यायचा आणि परत परत त्याला भिंत दिसायची. भिंतीवर एक चित्र होतं, पाण्यातले मासे, खालच्या कोपऱ्यात शिंपला. त्या शिंपल्यावरच्या रेघा त्याला सांगता आल्या असत्या. सुई त्याने पाहिलीच नव्हती. रोज शेकडो नळ्या हाताळणाऱ्या माणसाला आपल्या मुलीच्या हाताला लावलेली एक बघवली नव्हती, म्हणून त्याने तोंड फिरवून मासे बघितले होते.

जेवणाची सुट्टी झाली, संपली. तो खाली जाऊन सिस्टरना विचारून आला. "मास्तर," त्या म्हणाल्या, "मला काल कुणाला टोचलं ते आठवत नाही, तुम्ही पाच महिन्यांपूर्वीचं विचारताय. का, काही गडबड?" तो म्हणाला, गडबड कसली, सहज. जिना चढताना त्याने कठडा धरला आणि वर पोचेपर्यंत तो सोडला नाही. त्याला त्याचे वडील आठवत होते. सकाळपासून ते दाराशी येऊन उभे होते आणि तो त्यांना आत घेत नव्हता. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडीवर उभं राहून, एक ब्रश तोंडात, दुसरा हातात, आखलेल्या रेषेशिवाय अक्षर काढायचे. काना म्हणजे ओळंबा लावून घ्यावा असा सरळ. तो अकरा वर्षांचा होता तेव्हा शाळेतून येताना एका नव्या पाटीखाली थांबला. कुलपांचं दुकान होतं. पाटीवरचा एक काना मधेच किंचित हलला होता. केसाएवढा. दुकानदाराला दिसला नव्हता, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला दिसण्यासारखा नव्हता. त्याला दिसला. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "पाहिलीस पाटी? कशी झालीय?" तो म्हणाला, "छान." पुढे वर्षभर तो पाट्या बघत राहिला आणि छान म्हणत राहिला. वर्षाने कप पडला, मग ब्रश, मग दोन-तीन वर्षांत वडिलांच्या तोंडातून शब्दही नीट पडेना. डॉक्टर म्हणाले, आधी कळायला काही मार्ग नसतो हो. तो कोपऱ्यात उभा होता. त्याला वर्षभर कळलेलं होतं. मोठेपणी लोक त्याला विचारायचे, तुम्ही या कामात कसे काय पडलात, तर तो म्हणायचा, जागा निघाली होती, अर्ज केला.

दुपारी तीन वाजता तो मोठ्या मॅडमच्या दारावर टकटक करून आत गेला आणि उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं, फक्त आतल्याने काय म्हटलं ते सोडून. मॅडम बुटक्या, साठीच्या, चष्मा कपाळावर चढवून समोरच्याला नुसत्या डोळ्यांनी बघायच्या. त्यांनी मधे तोंड घातलं नाही. तो थांबल्यावर म्हणाल्या, "हिरवी नळी कुणी चालवून घेतली?"

"मी."

"वहीत लिहिलंत?"

"नाही."

"आणि हे तुम्ही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तुम्हीच त्याला माझ्यासमोर कान धरून आणलं असतं." त्यांनी समोरची खुर्ची पायाने पुढे ढकलली. "बसा. पडाल. आता ऐका. हिरव्या नळीतल्या औषधाने आकडा उगाच फुगू शकतो. मी असे फुगलेले पाहिलेत. न फुगलेलेही पाहिलेत. खोटा आकडा खऱ्यासारखाच छापला जातो, त्याच्या अंगावर काही वेगळं लिहिलेलं नसतं."

त्याची नजर कपाटाकडे गेली. ती कुठे गेली ते मॅडमना कळलं. "नाही," त्या म्हणाल्या. "पाकीट उघडणार नाही. शंभर लोकांनी विश्वासाने सह्या केल्यात. आणि उघडून कळणार काय? कुणाचा, ते कळेल. खरा की खोटा, ते कळणार नाही. जी गोष्ट निम्मी कळली की माणूस वेडा होतो, ती निम्मी कशाला कळवून घेता? दोघांचं नवीन रक्त घ्या, दोन्ही जांभळ्यांत. अभ्यासाच्या बाहेर, तुमचं खासगी म्हणून. मी स्वतः यंत्राशी बसेन."

"मुलीला मी वचन दिलंय. एकदाच म्हणून."

"मग ते तुमचं तुम्ही बघा. एवढं करा, तिला विचारून आणा. सांगून नाही. विचारून. आणि ती नाही म्हणाली तर नाही." तो उठला तेव्हा त्या खाली मान घालून कागद चाळत म्हणाल्या, "मास्तर, आकडा खरा निघाला तरी आपण रिकाम्या हाताने नाही आहोत. इतक्या लवकर कळलेल्यांसाठी आता औषधाचे प्रयोग चालू झालेत. तुमच्या वडिलांच्या वेळी ते नव्हतं." त्यांना वडिलांबद्दल कधी सांगितलं होतं, हे त्याला आठवेना.

संध्याकाळी घरी आला तेव्हा मुंगीची आई अजून चष्म्याच्या दुकानातून यायची होती. ती तिथे काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. मुंगी स्वयंपाकघरात एकटीच पेल्यात दूध ओतून घेत होती. पातेलं दोन्ही हातांनी धरलेलं, जीभ दातांत. दुधाची धार पेल्याच्या काठाशी आली आणि थरथरली, आणि बरंचसं दूध ओट्यावर सांडलं. तो दारात उभा राहिला. सांडलेलं दूध ओट्याच्या कडेकडे सावकाश निघालं होतं. कालपर्यंत असं दूध सांडलं असतं तर तो म्हणाला असता, मुंगीबाई, ओट्याला तहान लागली होती वाटतं. आज तो धार बघत होता. थरथरली ती पातेलं जड म्हणून? हात ओले म्हणून? की दोऱ्यावरून निरोप जाताना मधेच कुठे अडखळला? "बाबा, बघतोयस काय, फडकं दे ना," मुंगी म्हणाली. त्याने फडकं दिलं. "हात कर पुढे," तो म्हणाला. "दोन्ही. असे सरळ. बोटं पसर." तिने हात पुढे केले. दुधाने ओले, नखांत खडूची पूड. तो वाकून बघत राहिला. जितका वेळ बघावं तितके ते हलल्यासारखे वाटायचे. मग लक्षात आलं की त्याचीच मान हलतेय. मुंगी म्हणाली, "धुतलेत मी. शाळेतून आल्या आल्या." आणि हात मागे घेतले.

मुंगीची आई आली, चपला काढतानाच तिने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय झालं? तोंड असं का, काच तडकल्यासारखं?" त्याने तिला गॅलरीत नेऊन सांगितलं. पुन्हा सगळं, पुन्हा ते एक सोडून. ती कपडे वाळत घालायची दोरी दोन्ही हातांनी धरून ऐकत होती. "मी म्हटलं होतं त्या दिवशी," ती म्हणाली, "तिला कशाला नेतोस. तर म्हणालास, घाबरू नये हे लहानपणीच शिकलं पाहिजे. शिकलास?" खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणी ये, ये, अजून ये, म्हणत होता. "तुला काय वाटतं," तो म्हणाला, "विचारू तिला?" ती म्हणाली, "न विचारता काय करणार आहेस? रोज तिचे हात बघत बसणार? आल्यापासून तिच्याकडे बघतोयस ते मी पाहिलंय. कालच्यासारखं बघ तिच्याकडे, नाहीतर विचार. मधलं काही करू नको. तिला कळतं." दोरी सोडून ती आत गेली, आणि आत गेल्यावर नळ सोडल्याचा आवाज आला तो नुसताच येत राहिला, भांडं घासल्याचा येईना.

त्याने मुंगीला तिच्या अभ्यासाच्या टेबलाशी गाठलं. ती शुद्धलेखन लिहीत होती. तो शेजारच्या ठेंगण्या खुर्चीत बसला, गुडघे हनुवटीपर्यंत आले. आयुष्यभर अवघड गोष्टी सोप्या करून सांगायची त्याला हातोटी होती, आणि आता त्याने तसंच सुरू केलं: दोरे, दोऱ्यांचा भुगा, भुगा मोजणारं यंत्र, जांभळी नळी, हिरवी नळी. मुंगी पेन्सिल चावत ऐकत होती. "म्हणजे आपल्या दोघांपैकी एकाच्या रक्तात जास्त भुगा दिसला," तो म्हणाला. "कदाचित तो भुगा नाहीच. नळी चुकीची होती म्हणून तसं दिसलं असेल. कदाचित असेल. पुन्हा बघावं लागेल."

"कुणाच्या?"

"तेच माहीत नाही. हिरवी नळी कुणाची होती? तुला आठवतं?"

मुंगी त्याच्याकडे बघत म्हणाली, "मला कसं माहीत असणार? तू म्हणालास डोळे मीट. मी सांगेपर्यंत उघडू नको. मी उघडलेच नाहीत. तू सांगायचं विसरलास, मी बाहेर येईपर्यंत मिटलेलेच होते. दारावर आपटले पण." तिने कपाळावर हात ठेवला, पाच महिन्यांपूर्वी लागलं होतं तिथे. "तू बघत होतास ना?"

"नाही," तो म्हणाला. "मी मासे बघत होतो."

मुंगीने पेन्सिल वहीत ठेवली, वही मिटली. मग तिने विचारलं, "तुला कुणाची निघायला हवीय?"

बाहेर नळ बंद झाला होता. दुपारभर त्याने हे उत्तर पाठ केलं होतं. ते जिभेवर तयार होतं आणि खरंही होतं, आता या घटकेला तरी खरं होतं. पण त्याच्याखाली ती रेघ मारलेली ओळ होती, आणि मुंगी अक्षरं वाचावीत तशी त्याच्या तोंडाकडे बघत होती. "माझी," तो म्हणाला.

"मग एवढा वेळ का लागला?"

त्याने हात टेबलावर ठेवला. मुंगीने आपलं बोट त्याच्या हाताच्या पाठीवर ठेवलं, निळ्या शिरेवर, आणि ती शीर कुठवर जाते हे बघत मनगटापर्यंत नेलं. "दुखलं होतं," ती म्हणाली. "मुंगी चावल्यासारखं नव्हतं. तू खोटं सांगितलंस."

"हो."

"उद्या शाळा बुडणार?"

"पहिले दोन तास."

"पहिला गणिताचा आहे," मुंगी म्हणाली, आणि वही पुन्हा उघडली. "बरं. पण मी डोळे मिटणार नाही. आणि तूपण नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ते तिघं त्या खोलीत होते, तो, मुंगी आणि सिस्टर. मासे भिंतीवर होते तिथेच होते. ट्रेमध्ये जांभळ्या झाकणाच्या दोन नळ्या होत्या, शेजारी शेजारी, एकसारख्या. मॅडम वर यंत्राशी बसल्या होत्या, संध्याकाळपर्यंत कळेल म्हणाल्या होत्या. खुर्ची रिकामी होती. सिस्टर म्हणाल्या, "हं, आधी कोण?" आणि त्याने मुंगीकडे बघितलं, नुसतं सवयीने बघितलं, पण बघितलं. मुंगीने त्याच्या मनगटावरची बटणं सोडवली आणि बाही एक-एक घडी घालत कोपराच्या वर नेली, दप्तरात वही ठेवावी इतक्या टापटिपीने. तो बसला. सुई आत गेली. मान मासे असलेल्या भिंतीकडे वळायला लागली तसा हनुवटीखाली एक छोटा, थंड हात आला आणि त्याने ती परत फिरवली. नळीत रक्त चढलं, गडद, वाटलं होतं त्यापेक्षा बरंच सावकाश. मग मुंगी त्याच्या मांडीवर बसली. तिने स्वतःचा हात पुढे केला, दात आवळले, आणि सुई आत जाताना, नळी भरताना, सुई बाहेर येताना डोळे इतके ताणून उघडे ठेवले की त्यांत पाणी आलं, पण पापणी लवली नाही. त्यानेही बघितलं. सगळं बघितलं.

सिस्टरनी कापूस दाबला आणि नंबरांच्या चिकटपट्ट्यांचा गुंडाळा ओढला. "थांबा," मुंगी म्हणाली. तिने त्याच्या कोटाच्या खिशातून हिरवं पेन काढलं. "अगं, नळीवर नाव घालायचं नसतं बाळा," सिस्टर म्हणाल्या, "मास्तरांना विचार, त्यांचाच नियम आहे." मुंगीने विचारलं नाही. कापूस कोपराच्या वळणात धरून ठेवत, जीभ दातांत घेऊन, तिने पहिल्या नळीच्या कोऱ्या कागदावर लिहिलं: बाबा. तो वाकून दोन्ही काने बघत होता आणि आपण ते बघतोय हे त्याला कळत होतं. मग तिने दुसऱ्या नळीवर लिहिलं: मी. दोन्ही नळ्या ट्रेमध्ये ठेवल्या, नावं वर येतील अशा फिरवल्या, पेनाला टोपण लावलं, आणि ते त्याच्या खिशात परत न ठेवता आपल्या दप्तरात टाकून दप्तराची चेन ओढून घेतली.